प्रमाण इंग्रजी पाठ कोणता?

॥ श्रीपंचकृष्णाय नमः ॥

गेल्या चातुर्मासात एक वासनिक दांपत्य आश्रमात दर्शनास आले होते. सोबत त्यांचा तरुण मुलगा होता. तो परदेशात जन्मला, तेथेच वाढला. मराठी त्याला कानाने कळते, डोळ्यांनी वाचता येत नाही. पूजाअवसर झाल्यावर त्याने दंडवत घातले आणि विचारले, "बाबा, माझ्याजवळ गीतेची चार इंग्रजी पुस्तके आहेत. चारही निरनिराळे बोलतात. आपल्या सूत्रपाठाचेही इंग्रजी झाले आहे असे ऐकतो. यांतले प्रमाण कोणते तेवढे सांगा, म्हणजे मी तेच वाचीन." आम्ही त्या वेळी कामाच्या गडबडीत होतो. "आधी मराठी शीक, मग ये," एवढेच म्हणालो. तो गप्प राहिला, प्रसाद घेतला आणि निघून गेला.

आम्ही सांगितले ते खोटे नव्हते. परंतु त्याच्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते. रात्री स्मरणाला बसलो असता श्रीनागदेवाचार्यांचा एक प्रसंग आठवला आणि मन खजील झाले. तो प्रसंग पुढे सांगू. प्रथम त्या मुलाचा प्रश्न विचारात घेऊ.

एखाद्या ग्रंथाचे एखादे भाषांतर 'प्रमाण' होते ते कशाने? लोक याची चार कारणे सांगतात. राजाने किंवा संस्थेने मान्यता दिली म्हणून. विद्वानांनी केले म्हणून. भाषा रसाळ म्हणून. आणि पुष्कळ लोक पुष्कळ काळ तेच वाचीत आले म्हणून. ही चारही कारणे एकत्र आली आहेत असे इंग्रजी भाषेतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ख्रिस्ती लोकांचे १६११ सालचे बायबल. परक्या घरचे उदाहरण आधी तपासले म्हणजे स्वतःच्या घरात पाहणे सोपे जाते.

१६०४ साली हॅम्प्टन कोर्ट येथे भरलेल्या धर्मपरिषदेत नव्या भाषांतराचे ठरले. पहिल्या जेम्स राजाने ते काम सुमारे सत्तेचाळीस पंडितांच्या सहा मंडळ्यांकडे सोपविले. वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या तिन्ही ठिकाणी त्या बसल्या. सात वर्षांनी ग्रंथ छापून निघाला. पुढे त्याला 'अधिकृत' असे नाव पडले. मौज अशी की, तो अधिकृत ठरविणारी कोणतीही स्पष्ट राजाज्ञा आज उपलब्ध नाही. ग्रंथ निघाला तरी लोकांच्या घरी १५६० सालचे जिनिव्हा बायबल अनेक वर्षे वाचले जातच होते. शिवाय त्या पंडितांनी पुष्कळसे शब्द घेतले ते विल्यम टिंडेल यांचे. टिंडेल यांनी नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर १५२६ साली छापले, आणि १५३६ साली धर्मद्रोही ठरवून त्यांचा प्राण घेण्यात आला. ज्याला कोणतीही मान्यता नव्हती त्याचेच शब्द पुढे मान्य ग्रंथात जाऊन बसले! तेव्हा राजमान्यता हे प्रामाण्याचे मूळ नव्हे, हे यावरून उघड होते.

मग विद्वत्ता आणि दीर्घ वापर? १६११ च्या ग्रंथात छापखान्याचे दोष इतके साचत गेले की, १७६९ साली ऑक्सफर्ड येथे त्याची शुद्ध आवृत्ती काढावी लागली. १६३१ सालच्या एका आवृत्तीत तर व्यभिचाराचा निषेध करणाऱ्या आज्ञेतील निषेधवाचक शब्दच गळाला, आणि मुद्रकांना तीनशे पौंड दंड झाला. एक शब्द गळाला की विधी-निषेधांची अदलाबदल होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे अधिक जुनी हस्तलिखिते हाती आली. ज्या ग्रीक पाठावरून १६११ चे भाषांतर झाले होते तो सर्व ठिकाणी सर्वांत जुना नाही असे दिसले, आणि १८८१ ते १८८५ या काळात सुधारलेले भाषांतर प्रसिद्ध झाले. म्हणजे जे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे अंतिम मानले गेले, त्यालाही मुळापुढे उभे राहून जाब द्यावाच लागला. वापराने ग्रंथ प्रिय होतो, मुखोद्गत होतो. परंतु प्रामाण्य त्याला मुळाकडूनच यावे लागते.

आता श्रीमद्भगवद्गीतेकडे येऊ. श्रीकृष्णचक्रवर्तींच्या श्रीमुखीची ती वाणी आपणा अच्युतगोत्रीयांना किती जिव्हाळ्याची आहे, हे महानुभावांनी केलेल्या अनेक गीताटीकांवरूनच दिसते. तिचे पहिले इंग्रजी भाषांतर चार्ल्स विल्किन्स यांनी केले. ते १७८५ साली लंडनमध्ये निघाले आणि वॉरन हेस्टिंग्ज यांनी त्याला शिफारसपत्र जोडले. १८८२ साली मुंबईचे न्यायशास्त्री काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचे गद्य भाषांतर मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथमालेत आले. १८८५ साली एडविन अर्नोल्ड यांनी गीता इंग्रजी काव्यात उतरविली. हे गृहस्थ त्यापूर्वी पुण्यास संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे ॲनी बेझंट आल्या, १९४८ साली डॉ. राधाकृष्णन आले, १९८१ साली व्हॅन बायटेनेन यांचे भाषांतर आले. भक्तिवेदान्त स्वामींचे सटीक भाषांतर १९७२ साली संपूर्ण निघाले. त्यांच्या पश्चात १९८३ साली त्याची संशोधित आवृत्ती झाली, तेव्हा गुरूचे शब्द बदलावे की न बदलावे यावर त्यांच्याच अनुयायांत वाद झाला. अशी शेकडो भाषांतरे आहेत. परंतु बायबलासारखे एकच एक इंग्रजी रूप गीतेला लाभले नाही.

येथे अशी शंका येते की, हे गीतेचे दुर्दैव नव्हे काय? याचे समाधान असे. गीतेचे मूळ आजही लोकांच्या मुखी आहे. जेथे मूळ ऐकू येते तेथे भाषांतराला सिंहासन मिळत नाही, आणि मिळूही नये. मूळ विसरले गेले की मगच भाषांतर राजा होते. पाठ स्थिर असूनही दक्षता लागतेच. तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाच्या तोंडचा एक श्लोक काही प्रतींत आहे, काहींत नाही. त्यामुळे कोठे सातशे श्लोक भरतात, कोठे सातशे एक. आणि त्या अध्यायातील श्लोकांक एका पुस्तकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. भाषांतर कोणत्या पाठाचे, हा प्रश्न म्हणून पहिला.

दुसरा प्रश्न शब्दांचा. ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न आहेत. देवता आणि परमेश्वर यांतील भेद ज्याला कळला नाही त्याला आपल्या शास्त्राचे दारच उघडले नाही. आता इंग्रजीत परमेश्वराला 'गॉड' म्हणतात आणि देवतेलाही 'गॉड'च म्हणतात. लिहिताना पहिले अक्षर मोठे की लहान एवढाच भेद उरतो, आणि मोठ्याने वाचू लागले की तोही नाहीसा होतो. जो भेद मोक्षाचा, तो तेथे छापखान्यातील एका खिळ्यावर येऊन टेकतो! 'अवतार' शब्दाची गतही अशीच आहे. त्यासाठी 'इन्कार्नेशन' हा शब्द घालतात. त्याचा धात्वर्थ देहधारण, मांसधारण असा असून, त्याला ख्रिस्ती मताचा एकदाच घडलेल्या अवताराचा वास लागलेला आहे. पंचकृष्णांचे स्मरण करणाऱ्याला तो शब्द आखूड पडतो.

आपल्या ग्रंथांचीही इंग्रजी भाषांतरे झाली आहेत आणि ती निष्ठेने झाली आहेत, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी सूत्रपाठाचा अभ्यास आणि भाषांतर १९८३ साली प्रसिद्ध केले. १९८४ साली श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र 'द डीड्स ऑफ गॉड इन ऋद्धिपूर' या नावाने आले. १९९२ साली डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या सहकार्याने स्मृतिस्थळाचे भाषांतर 'इन द ॲबसेन्स ऑफ गॉड' या नावाने निघाले. जुन्या मराठीचा कोशही या दोघांनी १९९९ साली सिद्ध केला. लीळाचरित्र अलीकडे 'गॉड ॲट प्ले' या नावाने इंग्रजीत आले आहे. ही नावेच पाहा. एकात 'कृत्ये' आहेत, एकात 'क्रीडा' आहे. आपण एका 'लीळा' शब्दात दोन्ही ऐकतो. 'असंनिधान' याला 'ॲबसेन्स' म्हटले. शब्दार्थ बरोबर आहे. परंतु असंनिधानात स्थान आहे, प्रसाद आहे, भिक्षुक आहे, वासनिक आहे, आणि स्मरणाला आधार असणारे वचन आहे. ते रिकामेपण इंग्रजी शब्दात येते. त्या रिकामेपणातील आधार मात्र जाणत्याच्या मुखातून ऐकावे लागतात. यात भाषांतरकर्त्याचा दोष नाही. शब्दाची धाव जेथवर आहे तेथवरच तो जातो.

शिवाय आपल्या मूळ पाठाचा इतिहासही विसरता येत नाही. म्हाइंभटांनी साक्षीदारांना विचारून विचारून लीळा मिळविल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरपली आणि स्मरणाच्या आधारे लीळा पुन्हा जुळवाव्या लागल्या; म्हणून पिढीपाठ, हिराइसापाठ अशी पाठांतरे झाली. ज्या परंपरेने आपल्या मुळातही 'अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा' हे प्रांजळपणे नोंदवून ठेवले, ती परंपरा एखाद्या इंग्रजी पुस्तकावर 'अंतिम' असा शिक्का कसा मारील?

आता तो प्रसंग. श्रीनागदेवाचार्यांना कोणी संस्कृतात प्रश्न केला, तर स्वामींनी आपणास मराठीत निरूपण केले आहे, त्याच भाषेत पुसा, असे ते सांगत. केशोबासांनी संस्कृत रचना पुढे चालविण्याचे मनात आणले तेव्हा आचार्यांनी त्यांना वारले. कारण काय? परिवारातील म्हाताऱ्या बाया त्यामुळे वंचित होतील. संस्कृताचा त्यांना द्वेष नव्हता; केशोबासांचे रत्नमालास्तोत्र संस्कृतातच आहे आणि पंथाने ते आदराने जपले आहे. आचार्यांची दृष्टी ऐकणाऱ्याकडे होती. ज्याला दुसरा आधार नाही, तो दाराबाहेर राहू नये, ही त्यांची कळवळ.

वाचकहो, हा प्रसंग आम्ही शिष्यांना कितीदा सांगितला असेल! आणि त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या मुलाला आम्ही त्याच मराठीच्या नावाने बाहेर ठेवले. आचार्यांनी जी भाषा दुबळ्यासाठी राखली, तिचाच आम्ही अडसर केला.

म्हणून त्या मुलाला द्यावयाचे उत्तर येथे देतो. बाळा, प्रमाण मूळ वचन आहे. भाषांतर प्रसादासारखे मान. प्रसादाला आपण नमस्कार करतो तो वस्त्र म्हणून नव्हे. त्याला श्रीचरणांचा संबंध आहे म्हणून. संबंध जितका खरा तितका त्याचा आदर. तो संबंध ओळखण्याच्या खुणा अशा. भाषांतराने आपण कोणता पाठ घेतला हे सांगितलेले असावे. जीव, देवता, परमेश्वर यांसारखा शब्द प्रत्येक ठिकाणी एकाच अर्थाने यावा, आणि जेथे इंग्रजी शब्द पुरत नाही तेथे मूळ शब्दच ठेवून त्याचे विवरण करावे. पदरचे घातलेले शब्द ओळखू यावेत. १६११ च्या त्या पंडितांनी मुळात नसलेले जोडशब्द वेगळ्या अक्षरांत छापले होते, तेवढा प्रामाणिकपणा आपणही मागावा. टीका आणि वचन यांची सरमिसळ नसावी. आणि सर्वांत मोठी खूण ही की, ते वाचून तुला मूळ ऐकण्याची ओढ लागावी.

या शेवटच्या खुणेचे उदाहरण महात्मा गांधींचे आहे. १८८९ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांनी गीता प्रथम वाचली ती अर्नोल्ड यांच्या इंग्रजीच्या संगतीने. आपण गीता संस्कृतात किंवा गुजरातीत वाचलेली नाही याची त्यांना लाज वाटली. पुढे दक्षिण आफ्रिकेत सकाळी दात घासताना समोरच्या भिंतीवर श्लोकांचे कागद चिकटवून त्यांनी तेरा अध्याय पाठ केले, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. इंग्रजी पुस्तकाने त्यांना मुळाच्या दाराशी आणून सोडले. भाषांतराचे याहून मोठे काम नाही.

आपल्या पंथातही हे घडलेले आहे. पंजाबात आणि पलीकडे पेशावर-काबूलपर्यंत जयकृष्णी मंडळींचे मठ झाले. तेथेही ग्रंथ मराठीच राहिले. ऐकणाऱ्याला कळेल अशा बोलीत समजावून दिल्यावाचून का तो मार्ग तेथे रुजला असेल? निरूपण त्यांच्या बोलीत, वचन स्वामींच्या बोलीत, ही जुनीच रीत आहे. इंग्रजीला वेगळी रीत लावण्याचे कारण नाही.

तेव्हा महंतांना आणि साधनवंतांना एक विनंती. परदेशातील उपदेशी मुले इंग्रजी पुस्तक घेऊन आली तर त्यांना परत पाठवू नका. पुस्तक उघडायला सांगा, शेजारी पोथी उघडा, आणि एक एक सूत्र दोन्हींत वाचा. इंग्रजी कोठे कमी पडते ते मुलालाच दिसेल, आणि पोथी कोठे उघडते तेही दिसेल. त्या दांपत्याला आम्ही पत्र धाडले आहे. मुलाने आपली चारही पुस्तके घेऊन यावे, आम्ही वाट पाहतो, असे त्यात लिहिले आहे.

दंडवत प्रणाम.