जवळचा कोण?

बहरीनमध्ये मनामा शहराजवळ अधारी नावाचा गोड्या पाण्याचा झरा होता. त्याचे पाणी पाटांनी दूरच्या खजुरीच्या बागांना जाई, आणि काठावरची, जरा उंचावरची झाडे कोरडी राहत. त्यावरून तेथे म्हण पडली की अधारी लांबच्याला पाजते, जवळच्याला विसरते. आपल्याकडे ‘धरण उशाला, कोरड घशाला’ म्हणतात, तसेच हे. पुढे विहिरी व पंप इतके वाढले की गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो झराच आटला.

ही म्हण आम्हांस आठवली ती समुद्रात घातलेल्या भरावांवरून. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बहरीनचे क्षेत्रफळ सुमारे 670 चौरस किलोमीटर होते. आता ते 780 च्या पुढे गेले आहे. वाढलेली जमीन समुद्रातून काढलेली आहे. तळाची वाळू उपसून किनाऱ्यालगत टाकतात. गढूळ पाण्याचा गाळ समुद्रगवतावर व प्रवाळावर बसतो, आणि मासळीचा थारा जातो. तुबली खाडीत तिवरांची झाडी आहे, कोळंबीची पिल्ले तेथे वाढतात. सुमारे 25 चौरस किलोमीटरची ही खाडी भरावाने निम्म्यावर आली. 1997 साली रामसर करारान्वये तिला जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून मान मिळाला, तरी सगळी धूप-भर थांबली असे नाही.

1998 साली तेथे आदेश निघाला की मोठ्या कामांच्या परिणामांचे मूल्यमापन आधी करावे. आदेश चांगला. परंतु आखातातील या कामाविषयी लिहिणाऱ्या अभ्यासकांनी लोकसहभाग हे त्याचे दुबळे अंग म्हटले आहे. मूल्यमापन करणाऱ्याचे पैसे बहुधा बांधणाराच देतो. मग अहवालात वाळूचे, पाण्याचे, माशांचे आकडे येतात. किनाऱ्यावर उथळ पाण्यात कुंपणाचा सापळा, ज्याला तेथे हद्रा म्हणतात, तो लावणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी काय विचारले ते येत नाही.

आता खरा पेच असा. विचारायचे म्हटले तर कोणाला? बहरीनमधील अर्ध्याहून अधिक रहिवासी परदेशी, त्यांत आपल्या भारतातले सर्वांत जास्त. होडीचा मालक तेथील नागरिक, पण पहाटे जाळे ओढणारे हात पुष्कळदा भारतातले किंवा बांगलादेशातले. कराराची मुदत संपली की तो खलाशी परत जाणार. मग खाडीविषयी त्याचे मत मोजावे की नाही? पुष्कळजण म्हणतील, तो पाहुणा आहे. आम्हांस ते पटत नाही. खाडी बुजली तर त्या आठवड्याची मजुरी त्याचीच बुडते.

आणि आपण? आपले उलटे आहे. नवगावकर, पेणकर, रोहेकर अशी गावे आपण आडनावात वागवतो, पण त्या गावांत आता राहत नाही. खलाशी तेथे आहे पण त्याला नाव नाही; आपल्याला नाव आहे पण आपण तेथे नाही. कोकणात एखाद्या प्रकल्पाची बातमी आली की आपण लोदमध्ये किंवा अश्दोदमध्ये बसून तावातावाने मत देतो. (हे आम्ही स्वतःलाही म्हणत आहोत.)

भारतात 1997 पासून जनसुनावणी सक्तीची झाली, तरी ती नावापुरती होऊ शकते. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाची सुनावणी 16 मे 2010 रोजी माडबनला झाली. अहवालाची मराठी प्रत वेळेवर हाती आली नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. ज्याला वाचताच येत नाही त्या कागदावर मत कसे द्यावे? बहरीनच्या खलाशाला तर तो कागद तमिळमध्ये किंवा बंगालीत कोणी देणार नाही.

आपली काही मुले इंजिनियर आहेत, अशा कचेऱ्यांत नोकरी करतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू की आकड्यांच्या आधी पहाटे धक्क्यावर जा, दुभाषी सोबत न्या, आणि जे ऐकले ते अहवालात जसेच्या तसे लिहा, मालकाला आवडो न आवडो. नोकरीचा धोका त्यात आहे, हे आम्हांस ठाऊक आहे.

नवगावला समुद्राकाठी आपल्या पूर्वजांची दफनभूमी आहे. तेथे उद्या काही बांधायचे ठरले तर आम्हांलाही विचारावे असे वाटेल, आणि कबरींपुरता आमचा तो हक्कही आहे. परंतु ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेली सूचना मासळीची पाटी डोक्यावर घेऊन जाणारी कोळीण वाचेल. तिला आधी विचारावे. आमचे पत्र मागाहून आले तरी चालेल.