कोणत्या झाडाखाली?



उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी मिस्सेत सुसान्नेची कथा वाचली जाते. दोन प्रतिष्ठित वडीलधारे तिच्यावर खोटा आळ घेतात, जमाव तिला मरणदंड ठरवतो, आणि तिला नेले जात असताना दानिएल नावाचा कोवळा मुलगा सर्वांना थांबवतो. तो चमत्कार करीत नाही. दोघा साक्षीदारांना वेगळे करून एवढेच विचारतो : झाड कोणते होते? दोघे दोन झाडे सांगतात. चांगला वकील याहून वेगळे काय करतो?

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका झोपडीत पाच जणांचा निर्घृण खून झाला. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना पकडण्यात आले. त्यांतील एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांची चौकशी पुढे गेलीच नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडले. मधली सोळा वर्षे तुरुंगात गेली. मेलेल्यांच्या घरालाही न्याय मिळाला नाही, हे विसरू नये.

आपल्या विदर्भातल्या नागपूर कारागृहातून २०२३ मध्ये सुटलेल्या एका कैद्याची गोष्ट निराळी. पुण्यातील १९९४ च्या खून खटल्यात त्याला फाशी झाली होती. शाळेच्या दाखल्यावरून सिद्ध झाले, की तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता. कायद्याने त्याला फार तर तीन वर्षे ठेवता आले असते. अठ्ठावीस वर्षे गेली. दाखला आधी कोणी का मागितला नाही?

जक्कय उभा राहिला आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देईन म्हणाला. त्या सहा मजुरांना न्यायालयाने राज्य सरकारकडून प्रत्येकी पाच लाख रुपये देवविले. सोळा वर्षांना भागले तर दिवसाला पंच्याऐंशी रुपये पडतात. तेही न्यायालयाला वाटले म्हणून. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात अशा भरपाईसाठी कायदा सुचवला. तो अजून झालेला नाही. मला हे चौपटीच्या जवळपासही वाटत नाही. आपल्या आमदार-खासदारांना हे विचारायला हरकत नाही. मते मागायला ते मोताळ्यात येतातच.

मुलाला वकील मात्र आजही मोफत मिळतो, बापाची कमाई कितीही असो. अठरा वर्षांखालील कोणा मुलाला, मग तो आपल्या धर्मग्रामातला असो की गावाबाहेर पाल ठोकलेल्या कुटुंबातला, पोलिसांनी नेले, तर त्याच्या आईला एकटी जाऊ देऊ नका. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. आणि शाळेचा दाखला पहिल्याच दिवशी सोबत न्या.