चौथी सीट

डेन्मार्कच्या हान्स वेग्नरने १९४९ साली घडवलेली लाकडी खुर्ची त्या देशाची ओळख म्हणून जगभर दाखवली जाते. १९६० साली केनेडी आणि निक्सन टीव्हीवर वादविवादाला आले, तेव्हा ते त्याच खुर्च्यांवर बसले होते. एका माणसाची पाठ, एका माणसाचे कोपर यांचा त्यात फार नेटका विचार आहे. आपला देश जिच्यात दिसेल अशी बैठक दाखवायची झाली, तर मी मुलुंडहून जाणारी सकाळची स्लो लोकल दाखवीन.

सेकंड क्लासचं बाक तिघांचं. बसतात चौघं. चौथ्याची अर्धी मांडी बाकावर, अर्धी बाहेर आणि सगळा भार बाहेरच्या पायावर. 'जरा सरका' म्हटलं, किंवा नुसती हाताने खूण केली, की खिडकीवाला पत्र्याला चिकटतो, मधला खांदे आकसून घेतो आणि जागा होते. घाटकोपरला मेट्रोसाठी खिडकीवाला उतरला की उरलेले एकेक जागा आत सरकतात. चौथी सीट, ज्याने आधीच विचारून ठेवलेलं असतं त्याची. हे कुठल्याही आराखड्यात नाही. प्रवाशांनीच ते घडवलं आणि रोज पाळलं.

सरकारलाही बाकाचा विचार करता येतो. १९७४ साली रेल्वेचा तिसरा वर्ग संपला, पण दुसऱ्या वर्गाच्या नावाखाली लाकडी फळ्या तशाच राहिल्या. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत त्या फळ्यांवर दोन इंच फोम चढू लागला. राजापूरमधून निवडून गेलेला, पदार्थविज्ञानाचा हा समाजवादी प्राध्यापक. सामान्य माणसाच्या पाठीची त्यांनी दखल घेतली. मला हा निर्णय कोणत्याही नामांकित खुर्चीहून मोठा वाटतो.

चौथ्या सीटचं कौतुक करताना तिच्यावर बसणाऱ्याची कंबर मात्र विसरता येत नाही. आतलं कुणी उतरलंच नाही, तर सीएसएमटीपर्यंत जवळजवळ तासभर तो एका पायावर तोललेला असतो. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून औद्योगिक डिझाइनचं केंद्र आहे, कांजूरमार्ग स्टेशनापासून जवळच. नव्या डब्यांची बाकं आखणाऱ्यांनी तिथल्या मुलांना टेप देऊन गर्दीच्या वेळी या चौथ्याशेजारी उभं करावं. बाकाची कड गोल केली तर मांडीला काचणार नाही ना, त्याच्या हाताला धरायला दांडा कुठे हवा, आणि बाक किती बोटं लांबवलं तरी उभ्यांची वाट अडणार नाही, हे त्यांनी मोजून आणावं.