जयजयकार आणि औषधपाणी

वीराचा जयजयकार करावयास पैसा लागत नाहीं. त्याच्या औषधास लागतो. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले, तेव्हां ३४३ अग्निशामक प्राणांस मुकले. तीनच दिवसांनीं राष्ट्राध्यक्ष बुश ढिगाऱ्यावर एका अग्निशामकाच्या खांद्यावर हात टाकून कर्ण्यांतून बोलले. पुढें २००४ च्या निवडणुकीच्या जाहिरातींतहि तो ढिगारा झळकला. इकडे सरकारच्या पर्यावरणखात्यानें आठवडाभरांतच शहराची हवा निर्धोक असल्याची ग्वाही दिली होती. आणि सिमेंट, कांच व ॲस्बेस्टॉस यांच्या धुळींत माणसें महिनेमहिने राबलीं. त्यांच्या उपचारांचा कायदा व्हावयास २०११ साल उजाडलें.

असें कां व्हावें? आम्हांस वाटतें, ‘वीर’ ही पदवीच येथें घात करिते. मजुरानें रोजी मागितली तर तो त्याचा हक्क ठरतो. वीरानें कांहीं मागितलें कीं तें त्याच्या पदवीस शोभत नाहीं. ज्यास आपण त्यागी म्हटलें, त्याचें आपण कांहीं देणें लागतों, ही आठवणच बुजते. (पुढाऱ्यांस पुतळा फार परवडतो, तो खोकत नाहीं.)

जून २०१९ मध्यें कर्करोगानें जर्जर झालेले निवृत्त पोलीस अधिकारी लुइस अल्व्हारेझ यांनीं नुकसानभरपाईचा निधि चालूं राहावा म्हणून अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें साक्ष दिली. समोरच्या पुष्कळ खुर्च्या रिकाम्या होत्या. दुसऱ्या दिवशीं त्यांच्या केमोथेरपीची एकोणसत्तरावी पाळी ठरलेली होती. २९ जूनला ते वारले. २९ जुलैला त्या कायद्यावर सही झाली.