चार लोकांचे भय आणि नाथांचा भरवसा

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की नाथांच्या दिंड्या बिडकीनवरून पैठणकडे जाऊ लागतात. त्या वाटेवर आपण रोज ये-जा करतो आणि रोज एका भयाचे ओझे वाहतो: चार लोक काय म्हणतील? या भयापोटी ऐपत नसताना लग्नाचा मांडव मोठा घातला जातो. सासरी छळ सोसणाऱ्या लेकीला माहेरी आणायला बापाचे पाऊल उचलत नाही. ग्रामसभेत खरे काय ते ठाऊक असूनही माणूस मान खाली घालून बसतो.

एकनाथ महाराजांना (1533–1599) तर हे चार लोक फार जवळचे होते. पैठण ही शास्त्री-पंडितांची नगरी. ज्ञानदेवादी भावंडे शुद्धिपत्रासाठी आली ती इथेच. अशा गावात नाथांनी पितरांच्या श्राद्धाचे अन्न आधी अस्पृश्य मानलेल्यांना वाढले, गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे त्यांचे लेकरू कडेवर घेऊन घरी पोचवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ब्रह्मवृंद रागावला. पोटचा मुलगा हरिपंडितही वडिलांची रीत न पटून काशीला निघून गेला. परक्यांची निंदा माणूस एक वेळ पचवतो. घरच्यांनी तोंड फिरवले की भलेभले कच खातात. नाथांनी आपले काम सोडले नाही. शके 1495, म्हणजे 1573 मध्ये, काशीत बसून त्यांनी मराठी भागवत पूर्ण केले.

हे बळ कुठून आले? देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या चरणी त्यांना शिकवण मिळाली ती सर्वांभूती भगवंत पाहण्याची. भयावरचा उपाय तिच्यातच आहे. गोदावरीवरून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ तितक्याच वेळा परत नदीवर गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिला सहनशीलतेची कथा म्हणतो. मला ती निर्भयतेची वाटते. थुंकणाऱ्यातही नाथांना देवच दिसत होता. मग भ्यायचे कोणाला आणि चिडायचे कोणावर? शेवटी तो माणूसच शरमला.

देवावर भरवसा ठेवला म्हणून लोक बोलायचे थांबत नाहीत. नाथांवर थुंकी पडलीच, बहिष्काराचे चटकेही बसलेच. भरवशाने एवढेच होते की आपल्या जगण्याचा निवाडा लोकांच्या हाती राहत नाही. ज्याच्यासमोर शेवटचा हिशेब द्यायचा, तो आपल्याला आतून ओळखतो, हे एकदा मनात ठसले की चावडीवरची कुजबुज तिच्या जागी राहते. मात्र लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे निर्भय होणे, असा समज होऊ देऊ नये. 'मला कोणाची पर्वा नाही' असे ठणकावून सांगणाऱ्याच्या पोटातही पुष्कळदा भीतीच असते. नाथांनी निंदकांशी वैर धरले नाही आणि त्यांच्या धाकाने माघारही घेतली नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे कठीण आहे, आणि श्रद्धेची कसोटी तिथेच लागते.

आज सकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा लोकांच्या भयाने अडून राहिलेले एक काम आठवा. ते योग्य आहे का, एवढेच देवाला साक्षी ठेवून मनाला विचारा. उत्तर 'हो' आले, तर दिवस मावळायच्या आत ते करा. चार लोक बोलतील. बोलू द्या, त्यांनाही रामराम घाला आणि पुढे चला.