खाल्ल्या मिठाला जागणं

गावातली कॉलेजात जाणारी पोरं हल्ली घरी येतात आणि थेट विचारतात, "काका, लेखक व्हायचं तर काय करावं लागतं?" तीस वर्षांपूर्वी याच वयाची पोरं रेल्वेत कसं लागायचं ते विचारायला यायची. राई, मुर्धा, मोर्वा ही आमची गावं भाईंदरहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर एकाला एक लागून आहेत. इथं आगरी माणसाने मीठ पिकवलं, भात लावला, खाडीत मासे धरले. लिहिणं हा कुणाचा धंदा नव्हता. म्हणून मला त्या प्रश्नाचं कौतुकच वाटतं आणि जमेल तसं उत्तर देतो.

आधी पैशाचं बोलू. समजा 200 रुपयांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती निघाली आणि लेखकाला दहा टक्के द्यायचं ठरलं. सगळ्या प्रती खपल्या तर हातात 20 हजार येतात, आणि त्या खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. एवढ्यात घर चालत नाही. श्री. ना. पेंडसे यांनी 'गारंबीचा बापू' लिहिला तो बेस्टमधली नोकरी सांभाळून. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले, आणि कविता त्यातूनच आली. तेव्हा नोकरी धरा. नोकरीने लेखक मरतो असं कुणी म्हणालं तर त्याच्या घरचं वाणसामान कोण भरतं ते विचारा. आणि पुस्तक छापायला उलट तुमच्याकडेच पैसे मागणारे भेटले तर सावध राहा. पैसे द्यायचेच असतील तर किती प्रती छापणार आणि त्या दुकानात कोण पोचवणार, हे कागदावर घ्या. नाहीतर गठ्ठे तुमच्याच पलंगाखाली येऊन बसतात.

वेळ नाही, ही दुसरी तक्रार. भाईंदरहून चर्चगेटला जायला तासाहून जास्त लागतो. जागा मिळाली तर एक पान होतं. उभं राहावं लागलं तर माणसांचं बोलणं कानावर पडतं, तेही कामच. रोज एक पान म्हटलं तरी वर्षात एक पुस्तक होतं. ते चांगलं असेलच असं नाही, पण तपासायला काहीतरी हाती असतं.

तिसरी गोष्ट मी मिठागरात शिकलो. उधाणाचं पाणी आत घेतात, ते मोठ्या तळ्यात ठेवतात, तिथून उथळ कप्प्यांत फिरवत फिरवत शेवटी वाफ्यात आणतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, बाकी सगळं पाणीच. ते उन्हावाऱ्याने उडायचं. माझे चुलते म्हणायचे, "बाला, घाई केली म्हनून पानी सुकत नाय." लिहिलेलं महिनाभर ठेवा, मग वाचा, पाणी कुठं आहे ते दिसतं. पण याची दुसरी बाजूही आहे. वाफ्यातलं पाणी पार शेवटच्या थेंबापर्यंत आटू दिलं तर मीठ कडू होतं. म्हणून मीठ धरलं की उरलेलं कडू पाणी सोडून द्यावं लागतं. एखाद्या माणसाच्या दुःखातून वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी शेवटचा थेंबही पिळायचा मोह प्रत्येक लिहिणाऱ्याला होतो. तिथं हात थांबवायला शिकावं लागतं.

भाषेबद्दल पोरं लाजत विचारतात, "आपली आगरी बोली चालेल का?" चालेल. फक्त ती नुसती हसवायला आणू नका. पुस्तकातला मास्तर प्रमाण भाषेत शहाणं बोलतो आणि आपली आजी बोलीत फक्त विनोद करते, असं झालं की आपणच आपल्या आजीला खाली बसवलं. शहाणपण तिच्या तोंडी त्याच बोलीत येऊ द्या.

हे सगळं सांगून झालं की खरा प्रश्न उरतो, आणि तो पोरं सहसा विचारत नाहीत. आपण ज्यांच्याबद्दल लिहितो, त्यांचं काय?

माझी एक आत्या जन्मभर मिठागरात राबली. हंगाम सुरू होण्याआधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची, मग डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायच्या. तिच्यावर मी एक लेख लिहिला. छापायला देण्याआधी ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचून दाखवायचं, हा माझा नेम. तिने भिंतीला टेकून सगळा ऐकला. म्हणाली, "बरोबर लिवलंस. पन माज्या पायांचा कनाला लिवलास? ते पाय माजं हायत."

पायांवरच्या जखमांचा तो परिच्छेद मी काढला. संपादकांना नंतर हे कळलं तेव्हा ते हळहळले. म्हणाले, लेखाचा प्राणच गेला असेल. असेलही. पण प्राण लेखाचा होता आणि पाय तिचे होते.

इथं एक जण मला हटकतो, आणि त्याचं खरं आहे. सगळ्यांना विचारत बसलं तर लिहायचं काय? दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं, लक्ष्मण मानेंचं 'उपरा' 1980 साली. अशा आत्मकथनांवर आपली उणीदुणी चव्हाट्यावर मांडली, असा आक्षेप घरच्यांनीही घेतला. ते गप्प बसले असते तर महाराष्ट्राला आपलंच तोंड दिसलं नसतं. लाज वाटेल म्हणून अन्याय झाकायचा का? नाही. पण पवारांनी सुरी आधी स्वतःवर चालवली. 'बलुतं'त दगडू बोलतो आणि शिकलेला दया पवार ऐकतो, ते दोघे एकच. ती लाज त्यांची स्वतःची होती, उघडी करायचा हक्कही त्यांचाच होता.

मी माझ्यापुरती एक रेघ ओढली आहे. ज्याच्या हातात दंडुका आहे, त्याला विचारायची गरज नाही. मजुरी बुडवणारा मुकादम, सात-बाऱ्यावर अंगठा घेणारा पुढारी, यांच्याबद्दल पुरावा हाती ठेवून खुशाल लिहा. पण ज्याला तुमच्या लेखाला उत्तर देता येणार नाही, ज्याला तो वाचताही येणार नाही, त्याला विचारा. आत्याने मजुरी, उन्हाळा, मुकादम, सगळं लिहू दिलं. तिने फक्त पाय मागून घेतले. अन्याय सांगायला तिची हरकत नव्हती. आपलं अंग परक्यांनी बघावं, एवढंच तिला नको होतं. हा फरक तिला कळत होता. आपण विचारलं तर तो आपल्यालाही कळतो.

आता 'यशस्वी' या शब्दाचं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या रचत गेल्या, घरच्यांनी ते टिपून ठेवलं. 1951 साली त्या गेल्या आणि पुस्तक 1952 साली निघालं. ना पुस्तक हातात आलं, ना सत्कार झाला. त्या यशस्वी लेखिका होत्या का, या प्रश्नाचंच हसू येतं. तरी नाव व्हावं असं वाटण्यात पाप नाही. मलाही वाटतं. फक्त तुमचं नाव झालं तर त्यात वाटा कुणाकुणाचा, हे विसरू नका. पुस्तकाची पहिली प्रत त्या घरी द्या. मानधन आलं तर त्यातलं काही द्या. वाचता येत नसेल तर बसून वाचून दाखवा.

1985 साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका. 2011च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेली. एवढ्या माणसांत मिठाचा वाफा पायांनी तुडवलेली माणसं आता मोजकी उरली. तेव्हा पोरांनो, लेखक कसं व्हायचं हे मला विचारून झालं असेल तर वही घेऊन त्यांच्याकडे जा. आधी ऐका, मग लिहा, मग वाचून दाखवा. त्यांनी मान डोलावली तर छापायला द्या. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात, ते आपल्या धंद्यात एवढंच असतं.