सदसद्विवेकाला परवाना कशाला?

चोरी केली, मारामारी केली, कोणाचे नुकसान केले, तर माणसाला तुरुंगात जावे लागते. हे आपल्याला समजते. परंतु एखाद्याने मनापासून एक धर्म सोडून दुसरा स्वीकारला, किंवा एखाद्या धर्माविषयी आपले मत उघडपणे मांडले, तर त्यालाही तुरुंग दाखवावा काय? हा प्रश्न कुठल्या तरी दूरदेशीच्या लोकांचा आहे असे समजून आपण पान उलटू नये. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाऊन ज्यांनी नवे जीवन सुरू केले, त्या प्रत्येक कुटुंबाच्या उंबरठ्यावर हा प्रश्न उभा आहे.

प्रथम आपल्या पुणे शहराकडेच पाहू. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पेशवाईत महार-मांगांना भोगाव्या लागलेल्या अमानुष शिक्षांचा हिशेब तिने त्यात मांडला आणि थेट देवालाच विचारले की, आमचा धर्म तरी कोणता? या प्रश्नाचा अर्थ फार खोल आहे. ज्या धर्माचे ग्रंथ वाचण्याची तिला मनाई, ज्याच्या देवळाची पायरी चढण्याची तिला मनाई, त्या धर्माच्या शिक्षा मात्र तिच्या जातीने भोगायच्या! हक्क नाहीत आणि सुटकाही नाही, अशा जागेला आपण एरवी काय म्हणतो? तुरुंगच ना?

हा तुरुंग केवळ अस्पृश्यांसाठी होता असेही नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील नामांकित मंडळी गेली. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. एवढ्यावरून ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्यांच्यापुढे आरोपी हात जोडून उभे राहत, ते न्यायाधीश एक पेला चहासाठी स्वतः आरोपी झाले. तेथे पोलीस नव्हते, बेड्या नव्हत्या. जातीतून बाहेर पडण्याचे भय एवढेच हत्यार होते आणि ते पुरेसे ठरले. मनावर पहारा बसला की दगडी भिंतींची गरज उरत नाही.

पुढे १९२९ च्या ऑक्टोबरात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदी कार्यकर्त्यांनी पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. काही पुरोगामी सवर्ण मंडळीही त्यांच्याबरोबर होती. सत्याग्रहींना दगड मिळाले, शिव्या मिळाल्या. दार मात्र उघडले नाही. पाठोपाठ मार्च १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हा लढा पुढे पाच वर्षे चालला. आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. कशासाठी? ज्या धर्मात त्यांची गणना होत होती, त्याच धर्माच्या देवळात पाऊल टाकण्यासाठी.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर एकवीस वर्षे त्यांनी अभ्यास केला, सर्व धर्म पारखले. २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोडला त्यांनी आपल्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी कोणी कलेक्टर कचेरीत अर्ज भरला नव्हता. कोणी परवानगीचा कागद खिशात घेऊन दीक्षाभूमीवर आला नव्हता. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य हाच सर्वांचा परवाना होता.

आता पुढचे पाहा. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर हे त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होते. पुढे राज्यपुनर्रचना झाली, नागपूर आपल्याकडे आले. त्याच मध्य प्रदेशाने १९६८ साली ‘धर्मस्वातंत्र्य’ या नावाचा कायदा केला. त्याच्या एक वर्ष आधी ओरिसाने असाच कायदा केला होता. नाव स्वातंत्र्याचे, तरतूद तुरुंगाची! बळजबरीने, फसवून किंवा आमिष दाखवून धर्मांतर घडविणाऱ्यास मध्य प्रदेशात एक वर्षापर्यंत कैद होती. परंतु धर्म बदलणारी व्यक्ती स्त्री, अज्ञान बालक किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल, तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही कायदे वैध ठरविले. धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा तो निकाल होता. त्यानंतर अनेक राज्यांनी हीच वाट धरली. महाराष्ट्रातही २०२५ साली असा कायदा करण्याच्या दृष्टीने सरकारने समिती नेमली.

गुजरातने २००३ साली केलेल्या कायद्यात धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी आणि धर्म बदलणाऱ्याने त्यांना कळवावे, असे बंधन आहे. ते न पाळल्यास कैदेची तरतूद आहे. ८ एप्रिल २०२४ रोजी तेथील गृहखात्याने परिपत्रक काढून स्पष्ट केले की, बौद्ध धर्म हा या कायद्यापुरता वेगळा धर्म समजावा आणि हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यासाठी पूर्वपरवानगी लागेल. काही बौद्ध संघटनांनी या परिपत्रकाचे स्वागतही केले. आपला धर्म हिंदू धर्माची शाखा नाही, हे सरकारने कागदावर मान्य केले, याचे समाधान त्यांना वाटले. ते समाधान समजण्यासारखे आहे. परंतु एका हाताने ओळख देऊन दुसऱ्या हाताने दारावर पहारेकरी बसविला, हेही आपण पाहिले पाहिजे.

याच गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा गावी जुलै २०१६ मध्ये मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना बांधून, फिरवून, जाहीरपणे मारले गेले. त्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये आपल्याच गावात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मार खाताना त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. मार खाण्याच्या जागेतून उठून जाण्यासाठी मात्र कागद करावा लागतो! नाशिकला धर्मात शिरण्याबद्दल तुरुंग होता. आज धर्मातून निघण्याबद्दल तुरुंगाची धमकी आहे. शिरू देणार नाही आणि निघूही देणार नाही, हा एकाच विचाराचा दुहेरी फास आहे. त्या विचाराच्या लेखी माणूस हा धर्माचा अनुयायी नसून धर्माची मालमत्ता आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळता कामा नये. बळजबरी आणि फसवणूक थांबवू नये काय? अवश्य थांबवावी. धाक घालून किंवा लबाडीने कोणाचा धर्म बदलणे हे पाप आहे. मग बदलणारा कोणीही असो. परंतु धाकदपटशा, फसवणूक, कोंडून ठेवणे हे गुन्हे सर्वसाधारण फौजदारी कायद्यात आहेतच. त्यासाठी प्रत्येक प्रामाणिक माणसाने आपले मन अधिकाऱ्याच्या टेबलावर तपासणीला का ठेवावे? हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने २०१२ साली अशी पूर्वसूचनेची अट रद्द केली. आपली श्रद्धा बदलण्याचा आणि ती खाजगी ठेवण्याचाही माणसाला हक्क आहे, असे त्या न्यायालयाने मानले. त्याच राज्याने पुढे २०१९ मध्ये नवा कायदा करून ती अट पुन्हा आणली, हा भाग निराळा.

आणि अनुसूचित जातीच्या माणसाचे धर्मांतर झाले तर शिक्षा जास्त का? मध्य प्रदेशात दुप्पट होती. गुजरातच्या मूळ कायद्यात इतरांच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत, तर आपल्या बाबतीत चार वर्षांपर्यंत. याला संरक्षण म्हणतात. परंतु या संरक्षणाच्या पोटात एक गृहीत दडले आहे: दलिताला आणि स्त्रीला लहान मुलासारखीच स्वतःची बुद्धी नसते, त्यांना कोणीही फसवतो. ज्या समाजाने येवल्यापासून नागपूरपर्यंत एकवीस वर्षे वाट पाहिली, त्याला अविचारी म्हणण्याचे धाडस कोण करील? आमिषाचे म्हणाल, तर आपल्या धर्मांतरात मिळण्यापेक्षा गमावण्याचेच जास्त होते. केंद्र सरकारच्या लेखी बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचे हक्क १९९० साली मिळाले. चौतीस वर्षे लोकांनी सवलतींवर पाणी सोडून पंचशील जपले. याला आमिष म्हणत नाहीत, त्याग म्हणतात.

आता धम्म या बाबतीत काय सांगतो ते पाहू. मज्झिम निकायात उपाली गृहपतीची कथा आहे. उपाली हा निगंठ नातपुत्ताचा श्रीमंत अनुयायी. तो नालंदेला तथागतांशी वाद घालण्यास आला. वादाचा विषय होता, कायेचे कर्म मोठे की मनाचे? तथागतांचे म्हणणे असे की, मनाचे कर्मच प्रधान. उपालीला ते पटले आणि तो तेथल्या तेथे शरण जाण्यास तयार झाला. तेव्हा तथागतांनी काय केले? एवढा मोठा माणूस आपल्याकडे आला म्हणून डंका पिटला नाही. नीट विचार कर, असे त्यांनी त्याला सांगितले. शिवाय तुझ्या घरी निगंठांना जी भिक्षा मिळत आली आहे ती बंद करू नकोस, असेही सांगितले. धर्मांतराची याहून स्वच्छ रीत कोणती असू शकेल? येथे शपथ आहे, पण सक्ती नाही. प्रवेश आहे, पण मागच्या लोकांचा द्वेष नाही.

कर्म मनाचे असेल तर हुकूम निरर्थक ठरतो. तुरुंगाधिकारी माणसाचे शरीर कोंडू शकतो, तोंड बंद करू शकतो, त्याच्याकडून खोटा होकारही घेऊ शकतो. सम्यक दृष्टी मात्र तो देऊ शकत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही. धाकाने धर्मात राहिलेला माणूस धार्मिक नसतो, कैदी असतो. ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतला भेद सांगितला तो याच कारणाने. हुकुमावरून केलेल्या कृत्याची नैतिक जबाबदारी माणसाच्या अंगी लागत नाही; आणि जबाबदारी नाही तेथे धर्मही नाही. सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात दुसऱ्याच्या पंथाचाही मान राखावा असे सांगितले. हा लेख गुजरातेतच गिरनारच्या खडकावर कोरलेला आहे. पूर्वपरवानगीचे परिपत्रक काढणारांनी तो वाचण्यासारखा आहे.

परंतु हा लेख इतरांना वाचायला सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. ब्रह्मदेशात बौद्ध बहुसंख्य आहेत. देहूरोडची बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी तेथूनच आणली होती. त्या देशात २०१४ साली टिन लिन ऊ या लेखकाने भाषण केले की, बौद्ध धर्माचा उपयोग वंशद्वेष पसरविण्यासाठी करू नये. या भाषणाबद्दल धर्माचा अवमान केल्याचा आरोप ठेवून २०१५ मध्ये त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. पुढील वर्षी त्याची माफी होऊन सुटका झाली. त्याच २०१५ साली रंगूनच्या एका मद्यालयाच्या जाहिरातीत बुद्धाच्या कानांना हेडफोन लावलेले चित्र छापले म्हणून तिघांना अडीच वर्षांची शिक्षा झाली. चित्र आपल्याला आवडणार नाही. परंतु आपली निंदा करणाऱ्यावर रागावू नका, त्याच्या बोलण्यात खरे किती, खोटे किती ते शांतपणे सांगा, असा उपदेश तथागतांनी भिक्खूंना केला होता. ज्यांनी स्वतःच्या निंदेवर हा उपाय सांगितला, त्यांच्या नावाने बेड्या ठोकणे हाच त्यांचा अवमान नव्हे काय?

म्हणून आपल्या भूमिकेची कसोटी अशी की, आपल्याला हवे असलेले स्वातंत्र्य आपण दुसऱ्याला देतो की नाही. उत्तर प्रदेशात २०२० च्या अध्यादेशानंतर मुसलमान तरुणांवर आणि ख्रिस्ती पाळकांवर गुन्हे दाखल होऊन अटका झाल्या. ‘ते आपले नव्हेत’ असे म्हणून आपण गप्प राहिलो, तर उद्या आपल्या उपासकाला कचेरीत उभे केले जाईल तेव्हा बोलण्याचा आपला अधिकार आपणच गमावलेला असेल. आपल्यापैकी एखादा उद्या दुसऱ्या धर्मात गेला तर त्याच्याशी जरूर वाद घालावा. त्याच्यावर बहिष्कार घालू नये. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

हीच गोष्ट घरातही लागू आहे. बावीस प्रतिज्ञा ज्याने घेतल्या त्याने त्या कसोशीने पाळाव्यात. त्यात तडजोड नाही. पण प्रतिज्ञा ज्याची त्याने घ्यायची असते. मुलाने दीक्षा घेतली म्हणून म्हाताऱ्या आईच्या देव्हाऱ्यातील टाक तिच्या हातातून हिसकावून नदीत टाकले, तर आईच्या मनातला देव तेवढ्याने जात नाही. मुलाच्या मनातला धम्म मात्र जातो. नव्या सुनेला वंदना म्हणायला लावण्याआधी तिला त्रिशरणाचा अर्थ सांगावा. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. विहारात प्रश्नाला उत्तर द्यावे, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. पटवून देण्यास वेळ लागतो, श्रम लागतात. बाबासाहेबांनी त्यासाठी एकवीस वर्षे दिली. आपण आपल्या आईला निदान एकवीस महिने तरी द्यावेत.

मुक्ता साळवेच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला शंभर वर्षे लागली. आमचा धर्म कोणता हे आम्ही ठरविले. आम्हाला तो कोणी नेमून दिला नाही, आणि म्हणूनच तो आमचा आहे. उपासक-उपासिकांनो, ज्या दारातून आपण मुक्त होऊन बाहेर पडलो, ते दार आपल्यामागे कोणालाही लावू देऊ नका. आणि स्वतःही कोणावर लावू नका.

जय भीम!